आतून कडी

५ जानेवारी

प्रिय अक्का,

तुझ्याकडचे चार दिवस अजून अंगात आहेत. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि वाटेत मी एकदाही झोपले नाही, म्हणजे बघ. तुझ्या ओट्याशी उभ्या राहून आपण जे ठरवलं ते घरी पोचेपर्यंत विरून जाईल अशी भीती होती, कारण माझं सगळंच बसमध्ये चढताना असतं आणि उतरताना नसतं. पण टिकलंय. म्हणून लगेच कागदावर आणते, नंतर कुणी शब्द फिरवायला नको.

तर, वर्षाअखेर दोघींची एकेक कादंबरी पुरी. पुरी म्हणजे पुरी, ‘जवळजवळ’ नाही. रोज लिहायचं, पान तर पान, ओळ तर ओळ. आणि वर्षभर फोन बंद, फक्त पत्रं. तू हसलीस, पण मी मनापासून म्हणत होते. फोनवर माणूस ‘चाललंय की छान’ म्हणून मोकळा होतो. कागदावर खोटं लिहायला हात अडतो. आणि आपल्या दोघींच्या आया, त्या सख्ख्या बहिणी, गेल्यापासून इकडची बातमी तिकडे नेणारं कुणी उरलेलं नाही. आपण कळवलं तरच कळणार.

माझी कादंबरी तुला ठाऊक आहे. बाटल्यांच्या कारखान्यामागची आपली गल्ली, तिथल्या सगळ्या बायांसकट, कारखाना बंद पडेपर्यंत. वीस वर्षं ‘लिहायचंय, लिहायचंय’ म्हणतेय. आता चाळिशी उलटली. आता नाही तर मग काय, कवळी बसवल्यावर?

वेळ काढलाय. हे पहाटे शीतगृहाच्या गाडीवर जातात, आठला मला दातांच्या दवाखान्याच्या वर्कशॉपमध्ये हजर व्हायचं असतं, तिथे दिवसभर लोकांच्या कवळ्या घासायच्या. मधला वेळ माझा. घरात उरतात फक्त अण्णा. माझे सासरे तुला आठवतात ना, घड्याळं दुरुस्त करायचे? आता ‘माझंच घड्याळ बिघडलंय’ असं हसत सांगतात, आणि सांगितलं हे विसरून पुन्हा सांगतात. पण ते उशिरा उठतात.

उद्यापासून सुरू. तूही.

तुझी,
चिमी

२० जानेवारी

प्रिय चिमे,

सुरू केलं. सतरा पानं झाली. त्यातली चार बरी आहेत.

माझा विषय ऐक, तू इकडे असताना सांगायला लाजले होते. एक बाई एके सकाळी घरातून निघते ती परत येत नाही. पळून बिळून जात नाही. दोन गल्ल्या सोडून खोली घेते आणि आपलं घर आपल्यावाचून कसं चाललंय ते लांबून बघत राहते. बस, एवढंच. तुझ्या भावजींना सांगितलं तर म्हणाले, “चालेल, पण जाताना गॅस बंद करून जाते का ते लिही.”

दिवसभर पाणीखात्याच्या तक्रार-खिडकीवर बसून माझे कान किटतात. लोकांना वाटतं पाणी मीच पदराखाली झाकून ठेवलंय. पण त्याचा एक फायदा झाला. माणसं चिडल्यावर कशी बोलतात ते मला फुकटात ऐकायला मिळतं. संध्याकाळी स्वयंपाक उरकला की ओट्यावरच वही उघडते. भावजी लिफ्टच्या कामावरून आले की बाहेरच्या खोलीत ठाण मांडतात, आणि कुणी आलंच तर दारातूनच सांगतात, “बाईसाहेब आत बाळंत होताहेत, नंतर या.” लिफ्टवाल्याचा विनोद, वर गेला की खाली यायला वेळ लागतो. पण माणूस माझी राखण करतोय, खोटं कशाला बोलू.

तुझी किती झाली?

अक्का

२४ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

नऊ. हसू नकोस.

झालंय असं, की मी उठले की अण्णांनाही जाग येते. इतकी वर्षं ती यायची नाही, आता येते. मी आतल्या खोलीचं दार लोटून बसते. पहिली ओळ लिहिते न लिहिते तोच टकटक. “सूनबाई, पेपर आला का?” नाही आला, अण्णा. दुसरी ओळ. टकटक. “आज वार कोणता?” बुधवार. मग जरा शांत, की पुन्हा दारातून डोकं आत. “मी मघाशी काही विचारलं का गं?”

चिडावं तर चिडता येत नाही. माणूस गोड आहे. मी या घरात आले तेव्हा सगळ्यांनी मला काय काय करता येतं ते विचारलं होतं. काय वाचतेस हे विचारणारे अण्णा एकटे. पण माझी बायामाणसं गल्लीत नळावर उभी आहेत ती उभीच. महिना झाला, कुणाचा हंडा भरेना.

ह्यांच्याजवळ बोलले. म्हणाले, “म्हातारा माणूस, किती दिवसांचा? पुढच्या वर्षी लिही.” पुढच्या वर्षी! मनात ते सलतंय.

तू कसं जमवतेस? तुझ्याही मागे घर आहे, खिडकी आहे. मला नीट सांग. सल्ला दे, मी ऐकेन. तुझं ऐकूनच आजवर माझं भलं झालंय.

चिमी

२१ एप्रिल

प्रिय चिमे,

उत्तराला फार उशीर झाला. पत्ता बदललाय, पाकिटामागे आहे. तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आलो. जिन्याचा कंटाळा आला होता. सामान हलवण्यात महिना गेला. तुझे भावजी हल्ली बहुतेक घरीच असतात, कामाचं स्वरूप बदललंय.

कादंबरी चालू आहे. पाचवं प्रकरण झालं. बाईने तिच्या खोलीसाठी एक खुर्ची घेतली. फक्त एक. दुसरी घेतली तर कुणीतरी येऊन बसेल, म्हणून.

आता तुझं. दार लोटून काही होणार नाही, चिमे. आतून कडी लाव. मी तेच केलं. माझी वेळ झाली की मी आतल्या खोलीत, कडी लावून. पहिले तीन दिवस घरातली माणसं ठोकतात. कितीही ठोकू देत, उठायचं नाही. एकदा उठलीस की त्यांना कळतं, ठोकलं की उघडतं. नाही उठलीस तर चौथ्या दिवशी घर शिकतं. आपल्याला वाटतं आपल्यावाचून सगळं अडेल. कुणाचं काही अडत नाही. तो आपलाच तोरा असतो. पेपर तुझ्यावाचून येतो आणि बुधवारही तुझ्यावाचून येतो.

खमकी हो जरा. पुढच्या पत्रात नऊ आकडा दिसता कामा नये.

अक्का

१८ मे

प्रिय अक्का,

बासष्ट! तुझ्या तोंडात साखर पडो.

कडी लावली. पहिल्या दिवशी अण्णांनी ठोकलं आणि माझा जीव वरखाली झाला. कानात बोटं घालून बसले, म्हणजे लिहायला हातच उरला नाही. दुसऱ्या दिवशी बोटं काढली. तिसऱ्या दिवशी ते बराच वेळ हाका मारत होते, “सूनबाई, सूनबाई”, आणि मी दात आवळून नळावरच्या भांडणाचा प्रसंग लिहून काढला. चौथ्या दिवशी, तू म्हणालीस तसंच, काही नाही. दार उघडलं तर अण्णा बाहेर स्टुलावर बसलेले. मला बघून म्हणाले, “झालं का ऑफिस?” त्यांना वाटतं मी आत नोकरीला जाते. आता रोज तसेच बसतात आणि मी बाहेर आले की चहा मागतात. बिचारे.

वर्कशॉपमध्ये मात्र माझं चित्त थाऱ्यावर नाही. एका बाईंच्या वरच्या कवळीबरोबर कुणा गृहस्थांची खालची पाठवली. मालक म्हणाले, “बाई, तुमचं लक्ष कुठेय? त्यांचा संसार तुम्ही नका लावू.” हेही जरा फुगलेत. म्हणतात, “अण्णांना बाहेर बसवतेस, बरं दिसतं का?” मी म्हटलं, “अक्काकडेही असंच आहे, आणि भावजी काही बोलत नाहीत.” मग विषय सोडला.

तुझी बाई घरी परत जाते का शेवटी? मला राहवत नाही. दिवाणखान्याला सुट्टी लागली की एक दिवस येऊन वाचू का?

चिमी

(दिवाणखाना नाही, दवाखाना. बघ, हातातून लिखाण नुसतं सांडतंय.)

१४ जून

प्रिय चिमे,

बासष्ट वाचून खूप बरं वाटलं. मी नवव्या प्रकरणात आहे. बाईच्या घरी आता दुसरं कुणीतरी दूध घेतं. ती लांबून बघते, त्याला सुटे पैसे मोजता येत नाहीत. तिचा हात पुढे होतो, पण मध्ये रस्ता आहे. परत जाते का ते मलाही माहीत नाही. रोज विचार बदलतो.

इतक्यात येऊ नकोस. रागावू नकोस, पण पुस्तक पुरं होईपर्यंत मला कुणी नको आहे. लिहिणाऱ्या बाईच्या घरी पाहुणा म्हणजे काय ते तुला आता कळलं असेल.

अण्णा स्टुलावर बसतात ते वाचलं. बसू देत. त्यांना काय, बसायला जागा मिळाली की झालं. मऊ पडून कडी काढू नकोस. निम्मं वर्ष गेलं, आता इथे थांबलीस तर पुन्हा वीस वर्षं.

अक्का

२६ जुलै

अक्का,

अण्णा गेले. दोन आठवडे झाले. तुला लगेच कळवता आलं नाही.

कसं झालं ते तुलाच सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

मी आत होते. कारखान्यातल्या बाया काम थांबवून फाटकाशी बसतात ते प्रकरण चाललं होतं. इतके दिवस त्याच्याभोवती नुसती घुटमळत होते, त्या सकाळी ते आपणहून येत होतं. अण्णांनी ठोकलं. दोन महिने ठोकलं नव्हतं. मला वाटलं, आज पुन्हा काय निघालं. हाक नव्हती, नुसतं ठोकणं. हाक असती तर उठले असते. असं मी रोज स्वतःशी म्हणते. पुन्हा ठोकलं, हळू. मग खाली काहीतरी घासल्याचा आवाज झाला, चप्पल ओढत कुणी जावं तसा. मग शांत.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बरं झालं, गेले. स्टुलावर जाऊन बसले, असं. मी पान पुरं केलं. त्याच्या पुढचंही केलं.

दार आतल्या बाजूला उघडतं. ते दाराला टेकून बसले होते. मी उघडलं तसे माझ्या पावलांवर आले.

डॉक्टरांनी विचारलं, “त्रास कधीपासून होत होता?” मी म्हटलं, “मी झोपले होते.” ते म्हणाले, या वयात असा झटका आला की लगेच आणून तरी काय झालं असतं ते सांगता येत नाही. ‘सांगता येत नाही’ म्हणाले. काही झालं नसतं, असं म्हणाले नाहीत. हे तेच धरून चाललेत, की मी झोपले होते. ह्यांनी उलट माझीच समजूत काढली. “तू किती केलंस त्यांचं,” म्हणाले. मी ऐकून घेतलं.

एवढंच कळव, अक्का. तुझ्या घरी कुणी ठोकलं तर तूही उठत नाहीस ना? भावजींनी ठोकलं तरी नाही ना?

चिमी

१२ ऑगस्ट

मेहुणीबाई,

हे पत्र माझं, तुझ्या भावजींचं. पडून लिहितो, म्हणून ओळी डोंगर चढतात. सांभाळून घे.

आधी अण्णांबद्दल. दोनदाच भेटलो होतो. माझं बंद पडलेलं घड्याळ त्यांनी बोलता बोलता सुरू करून दिलं होतं. फार वाईट झालं.

आता तुला जे माहीत नाही ते. मार्चमध्ये मी एका इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करत होतो. वायर तुटली वगैरे काही नाही, माझाच पाय सरकला. कमरेखाली आता काही कळत नाही, आणि पुढेही कळणार नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींना लिफ्ट लावल्या, आमच्या इमारतीला जिना. म्हणून तळमजला.

तुझी अक्का सकाळी मला धुते, पुसते, कूस वळवते, शेजारणीला सांगून खिडकीवर जाते. दुपारी धावत येते, पुन्हा वळवते, पुन्हा जाते. एका कुशीवर फार वेळ राहिलो की जखमा होतात. तिची कादंबरी एकतिसाव्या पानावर थांबली, मार्चमध्येच. पाचवं प्रकरण, नववं प्रकरण, यातलं काही नाही.

मी म्हणत होतो, चिमीला खरं कळव. ती म्हणायची, “तिचं आत्ता कुठे चाललंय, त्यात कशाला दगड टाकू?” मग एकदा म्हणाली, “निदान एका ठिकाणी तरी मला लिहू दे की मी लिहितेय.”

मग तुला काय कळवायचं ते आम्ही दोघं मिळून रचायचो. ती माझे पाय पुसता पुसता विचारायची, “आज ती बाई घरी जाते का?” मी म्हणायचो, “नको जाऊ देऊस.” ती म्हणायची, “मग घरच्यांचं कसं व्हायचं?” मी म्हणायचो, “ते कादंबरीत नाही.” मग ती पाणी ओतायला उठायची.

कडीचं मी सुचवलं, मेहुणीबाई. तुझी नऊच पानं झाली हे वाचून मी म्हटलं, हिला चांगला खमका सल्ला दे, म्हणजे खरंच लिहिणाऱ्या बाईचं पत्र वाटेल. ‘चौथ्या दिवशी घर शिकतं’ हे वाक्य माझं. ते सुचलं तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. पडल्यानंतर पहिल्यांदा हसलो होतो. ही एकच खोली आहे. हिला आतलं दारच नाही.

तुझं पत्र वाचल्यापासून अक्का बोलत नाही. कामं सगळी करते. तू जे विचारलंस त्याचं उत्तर तिच्याकडे इतक्यात मागू नकोस. राग आला तर माझ्यावर काढ, मी कुठे जात नाही.

तुझा,
भावजी

६ सप्टेंबर

अक्का,

भावजींचं पत्र मिळालं. त्यांचं वाचून रडले. ते रडणं खरं आहे, आणि ते मी वेगळं ठेवते.

तू मला तुझं दुःख सांगितलं नाहीस, तो तुझा प्रश्न. तुझ्यावर एवढा डोंगर कोसळला आणि मी तुला पानांचे आकडे कळवत बसले, याची मला लाज वाटते. पण मी तुझ्याकडे सल्ला मागितला होता. गंमत मागितली नव्हती. चौथ्या दिवशी घर शिकतं. कुठलं घर, अक्का?

ह्यांना सांगितलं. पहाटे निघताना बूट घालत होते.

“मी झोपले नव्हते.”

“म्हणजे?”

“लिहीत होते. त्यांनी दार ठोकलं होतं.”

हे बराच वेळ नाडी बांधत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, “किती वेळा?”

“दोनदा. मग थांबले.”

ते कामाला गेले. मला वाटलं, संध्याकाळी येणार नाहीत. आले. पेटीतून हत्यारं काढली आणि त्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून सोडवलं. गॅलरीत भिंतीला उभं करून ठेवलं. ते अजून तिथेच आहे. आता आमचं बोलणं म्हणजे मीठ दे, पाणी दे. नणंद आली होती, अण्णांच्या वस्तू घेऊन गेली. तिला ह्यांनी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

सगळं तुझ्या माथी मारतेय असं समजू नकोस. कडी लावणारा हात माझा होता. पण तो हात लावताना मी म्हणत होते, अक्काही हेच करते.

आता पत्र पाठवू नकोस.

चिमी

४ ऑक्टोबर

चिमे,

पाठवू नकोस म्हणालीस, तरी पाठवते. न फोडता ठेवलंस तरी माझी तक्रार नाही.

तू एक प्रश्न विचारला होतास. त्याचं उत्तर भावजींनी द्यायचं नव्हतं, मी द्यायचं होतं.

ते हाक मारतात तेव्हा मी उठते. बहुतेक वेळा हाकेच्या आधीच उठते, त्यांचा श्वास बदलला की मला कळतं. लोक म्हणतात, केवढी माया. ती सवय आहे. खिडकीवर फोन वाजला की हात जातो, तशी.

पण एका रविवारी दुपारी मी भिंतीशी बसले होते. हातात काही नव्हतं, पेनही नाही, भांडंही नाही. त्यांनी हाक मारली. मी ऐकली. उठले नाही. पुन्हा मारली. एकच खोली, मी त्यांना समोर दिसत होते. मी फरशीकडे बघत बसले. मग त्यांनी हाक मारणं थांबवलं. खूप वेळाने उठले तेव्हा अंथरूण ओलं झालं होतं. मी बदललं. ते म्हणाले, “डोळा लागला होता का गं?” माझे उघडे डोळे बघत असताना त्यांनी असं विचारलं. मी ‘हो’ म्हटलं.

हे जून महिन्यातलं. मऊ पडून कडी काढू नकोस असं तुला लिहिलं, त्याच आठवड्यातलं.

‘बरं झालं, गेले’ हे तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा मला धक्का बसला नाही, चिमे. तो बसायला हवा होता. मला ते ओळखीचं वाटलं. म्हणून तुला उत्तर लिहिता येईना. तुझ्याकडे निदान एक पान होतं पुरं करायचं. माझ्याकडे तेवढंही कारण नव्हतं.

माफी मागत नाही. मागितली की ती द्यायची की नाही याचं ओझं तुझ्यावर पडणार. आणि तुझ्या कादंबरीचं काय कर, हेही सांगणार नाही. तुला काहीही सांगायचा माझा हक्क संपला. माझी पानं आहेत तशी आहेत. शेवटचं वाक्य अर्धं आहे, आणि पुढे काय लिहायचं होतं ते आठवत नाही.

भावजींच्या पाठीला जखम झालीय. मलम लावते. बाकी ठीक.

अक्का

२२ ऑक्टोबर

अक्का,

पत्र आठवडाभर तसंच ठेवलं होतं. मग फोडलं.

वाचून बरं वाटलं असं नाही. वाटलं असतं तर मला माझीच भीती वाटली असती. पण या वेळी तू खरं लिहिलंयस हे पहिल्या चार ओळींतच कळलं. आधीच्या पत्रांमध्ये तू किती टापटीप बोलत होतीस, ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

अण्णा गेल्यापासून मी वहीला हात लावला नव्हता. परवा त्या बिनदाराच्या खोलीत बसले आणि त्या सकाळचं एक पान लिहिलं. गल्लीचं नाही, कारखान्याचं नाही, त्या सकाळचं. चांगलं उतरलंय. वर्षभरात जे काही लिहिलं त्यात तेवढं एकच पान खरोखर चांगलं आहे, आणि मला ते सहन होत नाही. फाडायला हातात घेतलं. तर तिसऱ्या ओळीतला एक शब्द खटकला. पेन घेऊन तो बदलला. मग पेन खाली ठेवलं, की हे मी काय केलं. मला वाटतं, मी लिहीत राहणार, अक्का. ही चांगली बातमी म्हणून सांगत नाहीये. हे दारातून जाता जाता थांबले, वहीकडे बघितलं, आणि कामाला गेले.

शनिवारी सकाळच्या बसने तुझ्याकडे येते. मालकांनी दोन दिवस सुट्टी दिली. माफ केलं म्हणून येतेय असं समजू नकोस, ते मला अजून जमलेलं नाही आणि कधी जमेल ते माहीत नाही. ह्यांना विचारलं. “जा,” म्हणाले. तेवढंच, पण माळ्यावरची पिशवी काढून दिली.

भावजींना कुशीवर कसं वळवायचं ते मला एकदा नीट दाखव. जखमेला मलम कुठलं तेही. मग तू बाहेर जा. कुठे जातेस ते मला सांगायला नको. नुसती चालत राहा, बाकावर बस, वाटलं तर कुठेतरी जाऊन झोप. अंधार पडेपर्यंत येऊ नकोस. मी तिथेच बसलेली असेन, हातात काही न घेता. भावजींनी हाक मारली तर मी उठेन.

चिमी